आकड्यांचे जिवलग मित्र : कै. द. रा. कापरेकर

आपल्या महाराष्ट्रात थोर संत झाले, शूर वीर झाले, समाजसुधारक झाले. त्यांची चरित्रे आपण क्रमिक पुस्तकात वाचतो. पण गावच्या शाळेत मास्तरकी करता करता ज्यांनी साऱ्या जगाला आकड्यांची गोडी लावली, असेही एक गणिती आपल्याकडे होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आपल्या चाकणवरून राजगुरुनगरकडे जो हमरस्ता जातो, तो पुढे नाशिकला पोचतो. त्या नाशिकजवळच्या देवळालीत कापरेकर गुरुजींनी बत्तीस वर्षे मुलांना शिकवले. त्यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती की मोठा पगार नव्हता. तरी आज गणिताच्या पुस्तकांत देशोदेशी त्यांचे नाव छापलेले असते. हे कसे काय झाले, ते पाहू.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि डहाणू त्यात गेले. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की पंचांग आले, कुंडली आली आणि त्यामागोमाग बेरीज-वजाबाकी आलीच. दत्तात्रेय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्यानंतर वडिलांनीच त्याचा सांभाळ केला. वडिलांचे हिशेब पाहता पाहता या मुलाला आकड्यांचे असे वेड लागले की ते जन्मभर सुटले नाही. आईविना पोरक्या झालेल्या त्या मुलाला आकडे हेच सवंगडी मिळाले म्हणा ना!

पुढे ते ठाण्याच्या शाळेत शिकले. कोडी सोडवणे, सोप्या रीती शोधणे, यात त्यांचे तासन् तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. मुंबई-ठाण्याकडून पुण्याला येणारी आगगाडी तेव्हाही आजच्यासारखीच खंडाळ्याचा घाट चढून तळेगाव, चिंचवड या वाटेने येत असे.

आगगाडीवरून आठवले. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका स्टेशनावर कापरेकरांना संख्यांचा एक नवा प्रकार सुचला. त्या स्टेशनाचे नाव डेमलो. आजची डोंबिवली ती हीच, असे सांगतात. म्हणून त्यांनी त्या संख्यांना नाव दिले डेमलो संख्या. १६५ ही साधी डेमलो संख्या आहे. पहिला अंक १, शेवटचा ५, दोघांची बेरीज ६ आणि तीच मध्ये बसली आहे. २५५३ बघा. दोन नि तीन पाच, आणि मध्ये दोन वेळा ५. ४७७७३ मध्ये चार नि तीन सात, आणि मध्ये तीन वेळा ७.

या घराण्यातल्या सगळ्यांत देखण्या संख्या नुसत्या एक या अंकातून तयार होतात.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पाहिलंत? जिन्याने चढावे आणि जिन्याने उतरावे तसे अंक चढतात आणि उतरतात. असेच पुढे जात नऊ एके घेतले, की ही भली मोठी संख्या येते :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकी संख्या आहे. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून वाचा, सारखीच. भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथात एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यातले सतरावे स्थान म्हणजे मध्य. म्हणजे हिचा पहिला १ मध्य या स्थानावर बसला आहे. एवढी मोठी संख्या, पण पाठ करायला एक मिनिटसुद्धा लागत नाही!

पण हे होते कसे? यात जादू काही नाही. पाटीवर गुणाकार मांडून बघा. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो.

१११
१११०
१११००

तिन्ही ओळी एकक, दशक, शतक अशा एकाखाली एक मांडा. एककाच्या रकान्यात एकच १ येतो. दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून उत्तर १२३२१. नऊ एके असले की अशाच नऊ ओळी होतात. मधल्या रकान्यात नऊ एके जमतात आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जाते. नऊपर्यंत हातचा येत नाही, म्हणून जिना सुबक राहतो.

मग दहा एके घेतले तर? मधल्या रकान्याची बेरीज १० होते. शून्य लिहायचे आणि हातचा १. तो हातचा शेजारच्या ९ मध्ये मिळवला की तिथेही १० होतात. तिथे शून्य, पुन्हा हातचा १. तो शेजारच्या ८ मध्ये गेला की ८ चे ९ झाले. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. जिन्याच्या पायऱ्या मोडल्या! नऊपर्यंत चालले म्हणून दहालाही चालेल, असे गणितात धरून चालत नाही. कारण शोधावे लागते. कापरेकरांच्या गमतींमधून हा धडा आपोआप मिळतो.

कॉलेजात असताना, १९२७ साली, कापरेकरांना स्वतंत्र गणिती कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यांचे शिक्षण तिथेच थांबले. १९३० साली ते देवळालीत शाळामास्तर म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

शाळेत शिकवायचे, घरी आले की आकडे मांडीत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. ते सायकलवरून शिकवण्यांना जात, नदीकाठी बसून गणिते सोडवीत, असे सांगतात. आज आपल्या आईवडिलांच्या खिशात मोबाइल असतो. त्यात सतरा अंकी गुणाकार पापणी लवण्याआधी होतो. कापरेकरांजवळ होता कागद, पेन्सिल आणि चिकाटी. त्यांचे शोध मोठमोठ्या मासिकांत सहसा छापून येत नसत. मग ते पदरचे पैसे घालून लहान लहान पुस्तिका छापीत. गणिताच्या परिषदा भरत, तिथे ते हौसेने जात आणि आपले आकडे सांगत.

परिषदेतले सगळेच विद्वान त्यांचे कौतुक करीत होते असे नाही. पुष्कळांना हा पोरखेळ वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही नाही. आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ अशी सुबक दिसते. माणसाला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीने मोजत असतो, तर हीच संख्या वेगळी लिहिली गेली असती आणि तिचा जिना दिसला नसता. म्हणजे ही गंमत संख्येची कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीची जास्त, असे विद्वानांना वाटे. एखाद्याने अशी टीका ऐकून वही मिटून ठेवली असती. घरची बेताची परिस्थिती, गावातली नोकरी आणि वर मोठ्या माणसांचे हसणे! पण कापरेकरांनी वही मिटली नाही. त्यांनी एकामागून एक नवे प्रश्न काढले आणि ते असे काढले की चौथीतल्या पोरालाही कळावेत.

त्यातला एक प्रश्न हर्षद संख्यांचा. हर्ष म्हणजे आनंद. हर्षद म्हणजे आनंद देणारी. एखाद्या संख्येतल्या अंकांची बेरीज करायची आणि तिनेच त्या संख्येला भागायचे. बाकी शून्य उरली, तर ती हर्षद संख्या. १२ घ्या. एक नि दोन तीन. १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून १२ ही हर्षद. १४ घ्या. एक नि चार पाच. १४ ला ५ ने भाग जात नाही, म्हणून १४ ही हर्षद नाही.

आता आपली सतरा अंकी राणी घेऊ. तिच्या अंकांची बेरीज किती? एकपासून नऊपर्यंत ४५ आणि परत उतरताना आठपासून एकपर्यंत ३६. दोन्ही मिळून ८१. मग १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ ने भाग जातो का? एवढा भागाकार करायची गरज नाही. १११११११११ ला ९ ने भागले की १२३४५६७९ येतात आणि बाकी काही उरत नाही. (या उत्तरात सगळे अंक ओळीने आहेत, फक्त ८ दडी मारून बसला आहे!) १११११११११ ला ९ ने भाग जातो, तर त्याच्या वर्गाला ९ गुणिले ९ म्हणजे ८१ ने भाग जाणारच. उत्तर आहे १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ही संख्या डेमलोही आहे आणि हर्षदही आहे.

बाकीच्या जिन्यांचे काय? १२१ ची बेरीज ४. १२१ विषम आहे, तिला ४ ने भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९. १२३२१ ÷ ९ = १३६९, भाग गेला! चार, सहा आणि आठ एक्यांच्या जिन्यांत अंकांची बेरीज सम येते आणि संख्या विषम असते, म्हणून भाग जात नाही. पाच एक्यांच्या जिन्याची बेरीज २५, पण संख्येच्या शेवटी १ आहे, म्हणून जात नाही. सात एक्यांच्या जिन्याची बेरीज ४९, पण ११११११ च्या पुढे आणखी एक १ लिहून सात एके केले आणि ७ ने भागले तर बाकी १ उरते, म्हणून जात नाही. थोडक्यात, पहिल्या नऊ जिन्यांत फक्त एक, तीन आणि नऊ एक्यांचे जिने हर्षद आहेत. आणि दहा एके? तिथे रकान्यांची बेरीज १०० होते, पण हातचा दोनदा आला. प्रत्येक हातच्यात दहाचे एक होतात, म्हणजे बेरीज ९ ने घटते. दोनदा घटून ती ८२ राहते. ८२ सम, संख्या विषम, म्हणून तीही हर्षद नाही. मोडक्या पायऱ्यांबरोबर हर्षही गेला!

कापरेकरांच्या नावाच्या संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५. तो मधोमध तोडा, २० आणि २५. बेरीज करा, पुन्हा ४५! २९७ चा वर्ग ८८२०९. तो तोडा, ८८ आणि २०९. बेरीज पुन्हा २९७. मोठी हवी असेल तर १४२८५७ घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तोडून २०४०८ आणि १२२४४९ मिळवले की १४२८५७ परत हजर. या झाल्या कापरेकर संख्या.

आणखी एक प्रकार आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ नि १ मिळवले की २४ होतात. म्हणजे २१ ही २४ ची आई झाली. पण २० ला अशी आई सापडत नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. गावाच्या नावावरून या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. आठव्या वर्षी आईला मुकलेल्या माणसाने या संख्यांचा माग काढावा, हे वाचून मन थोडे गलबलते.

पण कापरेकरांचे नाव सर्वात जास्त गाजले ते ६१७४ या चार अंकी संख्येमुळे. १९४६ साली त्यांना तिचा गुण सापडला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो सांगितला. रीत सोपी आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. आपण कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे तसेच केले तर पुन्हा ६१७४ च येते. तिथून पुढे वाट नाही. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन थांबता. १९०५ ला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या.

हेही जादूने होत नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते. सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान अंकातला फरक ही एक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक ही दुसरी. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणायचे, दुसऱ्याला ९० ने गुणायचे आणि बेरीज करायची. १९०५ मध्ये पहिला फरक ९, दुसरा ४. ८९९१ अधिक ३६० म्हणजे ९३५१. बरोबर आले ना? अशा फरकांच्या जोड्या सगळ्या मिळून ५४ च होतात. तेव्हा हजारो संख्या तपासायची गरज नाही, ५४ तपासल्या की काम झाले. आणि ६१७४ ही हर्षदही आहे बरं का! अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३.

१९५५ साली ६१७४ वरचा त्यांचा लेख अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आला. तरी त्यांच्या घरची ओढगस्त संपली नाही. १९६२ साली ते निवृत्त झाले. पेन्शन पुरेना म्हणून त्यांना गणित-विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. घरात एकटेपण आले, पण आकड्यांची सोबत सुटली नाही.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या नामांकित लेखकाने सायंटिफिक अमेरिकन या मासिकात कापरेकरांच्या कामावर लिहिले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. देवळालीच्या मास्तरांचे नाव एकदम जगभर झाले. देशोदेशीचे लोक ६१७४ च्या वजाबाक्या करू लागले. दोनच वर्षांनी, १९७७ साली, आयव्हन निवेन या गणितज्ञाने एका व्याख्यानात हर्षद संख्यांचाच विषय घेतला. म्हणून परदेशात त्यांना निवेन संख्याही म्हणतात. ज्याला पोरखेळ म्हटले होते, त्यावर आता प्राध्यापक मंडळी विचार करू लागली.

१९८६ साली देवळाली येथे कापरेकरांचे निधन झाले. हे वर्षसुद्धा त्यांच्या रीतीने सोडवून बघा. ९८६१ वजा १६८९ बरोबर ८१७२. वर १९०५ च्या दुसऱ्या पायरीवर हीच संख्या आली होती! म्हणजे त्यांचे जन्मवर्ष आणि मृत्यूवर्ष ८१७२ पाशी एकमेकांना भेटतात आणि पुढे एकाच वाटेने ६१७४ ला पोचतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण गुरुजींना तो नक्की आवडला असता.

मित्रांनो, कापरेकरांच्या चरित्रातून आपण काय घ्यायचे? ते फार मोठे पंडित होते असे कोणी म्हणत नाही, आणि त्यांच्या कामामुळे यंत्रे चालू लागली असेही नाही. पण गणित म्हणजे परीक्षेची भीती, हे त्यांनी खोटे ठरवले. शाळामास्तरालाही शोध लावता येतो, आणि तोही साध्या वजाबाकीतून, हे त्यांनी दाखवले. कोणी हसले म्हणून आपला प्रश्न सोडायचा नाही, पण तो खरा की खोटा हे आपण स्वतः तपासून मगच बोलायचे, ही त्यांची रीत.

आपल्या भागात आकड्यांना काही तोटा नाही. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या रस्त्यांवर दिवसरात्र मालगाड्या चालतात. एम. एच. १४ च्या पुढे प्रत्येक गाडीवर चार अंक असतात. शाळा सुटल्यावर रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे राहून असा एक नंबर वहीत टिपा आणि घरी वजाबाकी करा. मध्येच तीन अंकी उत्तर आले, तर पुढे शून्य लिहून चार अंक करा. कोणाला किती पायऱ्या लागल्या ते उद्या वर्गात सांगा. आणि पालकहो, शिफ्टवरून घरी आल्यावर पाच मिनिटे काढून आमच्याबरोबर तुम्हीही एक नंबर सोडवा. हातच्याला चुकलात तर आम्ही सांगू!

थोर शिक्षक कै. कापरेकर गुरुजींना आमचे विनम्र अभिवादन.